जड मेसॉनचे गुणधर्म गणिताने कसे काढतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी मेसॉनचं वस्तुमान ५२७९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), हे कोष्टकात लगेच सापडतं. पण ते कागदावर किंवा संगणकावर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला गेला आहे. खालची उत्तरं पदवीपर्यंतची क्वांटम यांत्रिकी झालेल्या वाचकासाठी आहेत. प्रत्येक ठिकाणी कोणता आकडा बाहेरून घातला आणि कोणता गणितातून निघाला, हा हिशोब मी मुद्दाम वेगळा दाखवला आहे. तो ठेवला नाही तर या विषयातलं प्रत्येक मॉडेल बरोबरच वाटतं.

जड मेसॉन नक्की कशाला म्हणायचं?

क्वार्क आणि अँटिक्वार्क यांची जोडी म्हणजे मेसॉन. त्या जोडीत निदान एक चार्म किंवा बॉटम जातीचा क्वार्क असला की तो जड मेसॉन. यांची दोन घराणी आहेत आणि दोघांची गणितं बरीच वेगळी आहेत. पहिल्या घराण्यात एक जड आणि एक हलका असतो: डी, डी-एस, बी, बी-एस. दुसऱ्यात दोघेही जड: चार्म आणि अँटिचार्म मिळून चार्मोनियम, बॉटम आणि अँटिबॉटम मिळून बॉटमोनियम. बॉटम आणि चार्म एकत्र आले की बी-सी मेसॉन होतो. तो दुसऱ्या घराण्यात बसतो, पण त्याचे दोन्ही क्वार्क वेगळ्या वजनाचे.

या सगळ्याची सुरुवात नोव्हेंबर १९७४ मध्ये झाली. ब्रुकहेवनला सॅम्युअल टिंग यांच्या गटाला आणि स्टॅनफर्डच्या त्वरकावर बर्टन रिक्टर यांच्या गटाला एकाच कणाचा शोध लागला, म्हणून त्याचं नाव आजही जोडीने घेतात: जे/साय. वस्तुमान ३०९७ एमईव्ही. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, फर्मीलॅबमध्ये ९४६० एमईव्हीचा अप्सिलॉन सापडला आणि बॉटम क्वार्क आहे हे कळलं.

स्ट्रेंज क्वार्क जड का नाही? आणि टॉपचा मेसॉन का नसतो?

"जड" हा शब्द इथे एका ठरावीक मापाशी तुलना करून वापरतात. प्रबळ बलाची स्वतःची एक ऊर्जापातळी आहे, सुमारे ०.२ ते ०.३ जीईव्ही. स्ट्रेंजचं वस्तुमान ०.१ जीईव्हीच्या आतच आहे, म्हणजे या मापाच्या खाली. चार्म सुमारे १.३ आणि बॉटम ४.२, म्हणजे मापाच्या बरेच वर. टॉप त्याहून कितीतरी जड, पण त्याचं आयुष्य इतकं कमी की मेसॉन म्हणून नीट बांधला जाण्याआधीच तो दुर्बल बलामुळे फुटतो.

जड मेसॉनचं गणित हलक्यांपेक्षा सोपं कसं?

दोन कारणांनी. पहिलं म्हणजे प्रबळ बलाचा जोर अंतरानुसार बदलतो: जवळून कमी, लांबून जास्त. बॉटमच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेला हा जोर, म्हणजे अल्फा-एस, सुमारे ०.२२ असतो, चार्मच्या पातळीला सुमारे ०.३८. एकापेक्षा लहान संख्येचे घात मांडत गेलं की मालिका हळूहळू आटोक्यात येते. पायॉनच्या, म्हणजे सर्वात हलक्या मेसॉनच्या, बाबतीत ही सोयच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जड क्वार्क संथ असतो. बॉटमोनियममध्ये वेगाचा वर्ग प्रकाशवेगाच्या वर्गाच्या सुमारे एक दशांश, चार्मोनियममध्ये दोन-तीन दशांश. त्यामुळे तिथे श्रोडिंगर समीकरण चालतं. आणि बी किंवा डी मेसॉनमध्ये जड क्वार्क जवळजवळ जागेवर स्थिर असतो. हलका क्वार्क आणि ग्लुऑन (प्रबळ बल वाहणारे कण) त्याच्याभोवती ढगासारखे असतात, हायड्रोजनच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन असतो तसे. वजनातली ही दरी हाच या शाखेचा आधार आहे. पुढचं सगळं त्यातूनच येतं, आणि दरी जिथे अपुरी पडते तिथेच उत्तरं घसरतात.

विभव मॉडेल म्हणजे काय?

क्वार्क आणि अँटिक्वार्क यांच्यामधली ऊर्जा केवळ अंतरावर अवलंबून आहे असं धरायचं आणि श्रोडिंगर समीकरण सोडवायचं. सर्वात प्रसिद्ध विभव कॉर्नेलचा. आइख्टन, गॉटफ्रीड, किनोशिता, लेन आणि यान यांनी सत्तरच्या दशकात मांडलेला. त्यात दोन पदं. जवळच्या अंतराला कूलंबसारखं: उणे कप्पा भागिले अंतर. लांबच्या अंतराला दोरीसारखं: अंतर जितकं वाढेल तितकी ऊर्जा सरळ रेषेत वाढत जाते.

ही दोरी किती ताणलेली असते? तिचा ताण सुमारे ०.१८ जीईव्ही-वर्ग, म्हणजे प्रत्येक फेम्टोमीटरमागे सुमारे ०.९ जीईव्ही. नेहमीच्या एककांत ते बल दीड लाख न्यूटनच्या आसपास येतं, म्हणजे जवळपास पंधरा टन वजन टांगल्यासारखं. आणि हे प्रोटॉनपेक्षाही लहान जागेत. क्वार्क सुटा का सापडत नाही याची कल्पना या एका आकड्यावरून येते, म्हणून वर्गात मी तो नेहमी सांगतो.

एखादं गणित पूर्ण करून दाखवाल का?

हो, आणि ते कागदावर होण्याजोगं घेऊ. कॉर्नेल गटाचे प्राचल घ्या: कप्पा ०.५२, दोरीचा ताण ०.१८२६ जीईव्ही-वर्ग, चार्मचं वस्तुमान १.८४ जीईव्ही. एककं अशी की प्रकाशवेग आणि प्लांकचा स्थिरांक दोन्ही एक. मग लांबी जीईव्हीच्या व्यस्तात येते आणि अशा एका एककाचे ०.१९७ फेम्टोमीटर होतात.

तरंगफलन असं गृहीत धरू की ते केंद्रापासून घातांकी वेगाने विरत जातं, आणि विरण्याचा दर म्हणजे बीटा. हायड्रोजनच्या तळपातळीचं रूप हेच. मग ऊर्जेचे तीन भाग पडतात. गतिज ऊर्जा म्हणजे बीटाचा वर्ग भागिले रिड्यूस्ड मासची दुप्पट; दोन्ही क्वार्क सारखे असल्यामुळे रिड्यूस्ड मास अर्धा, म्हणून छेदात सरळ १.८४ येतात. कूलंबचा भाग उणे ०.५२ गुणिले बीटा. सरासरी अंतर १.५ भागिले बीटा असतं, त्यामुळे दोरीचा भाग ०.२७४ भागिले बीटा.

आता बीटा बदलून एकूण ऊर्जा सर्वात कमी कुठे होते ते शोधायचं. किमान बिंदू ०.८३८ जीईव्हीला सापडतो. तिथे गतिज ऊर्जा ०.३८२, कूलंब उणे ०.४३६, दोरी ०.३२७. बेरीज ०.२७३ जीईव्ही. सरासरी अंतर १.७९ एककं, म्हणजे ०.३५ फेम्टोमीटर. वेगाचा वर्ग हवा असेल तर गतिज ऊर्जेला १.८४ ने भागा: ०.२१.

हेच बॉटमसाठी करा. वस्तुमान ५.१८ जीईव्ही घ्या, बाकी काहीही बदलू नका. किमान बिंदू १.६२ ला सरकतो. भाग येतात ०.५०७, उणे ०.८४२ आणि ०.१६९; बेरीज उणे ०.१६६. अंतर ०.१८ फेम्टोमीटर, वेगाचा वर्ग ०.०९८.

या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. चार्ममध्ये कूलंब आणि दोरी जवळपास तोलामोलाचे आहेत. बॉटममध्ये कूलंब दोरीच्या पाचपट झाला आहे. म्हणजे जड क्वार्क एकमेकांच्या जवळ बसले आणि दोरीचा प्रभाव त्यांच्यावर कमी झाला. वेगाच्या वर्गाचे "दोन-तीन दशांश" आणि "एक दशांश" हे आकडे मी वर नुसते सांगितले होते. इथे ते कागदावर उतरले.

तपासणीसाठी वायरियल प्रमेय वापरा: गतिज ऊर्जेची दुप्पट म्हणजे कूलंब आणि दोरी यांच्या आकड्यांची बेरीज, चिन्हं सोडून. चार्मसाठी ०.७६४ आणि ०.७६३. जुळलं. मात्र या तपासणीने सगळ्या चुका सापडत नाहीत. मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा रिड्यूस्ड मासच्या जागी पूर्ण वस्तुमान घातलं होतं. वायरियल तंतोतंत जुळत होतं आणि उत्तर चुकीचं येत होतं. ही तपासणी फक्त किमान बिंदू बरोबर सापडला की नाही एवढंच सांगते. समीकरण बरोबर लिहिलं आहे का, ते तुम्हालाच पाहावं लागतं.

मग या गणितातून जे/सायचं वस्तुमान निघालं का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं. चार्मच्या वस्तुमानाची दुप्पट ३.६८, त्यात ०.२७ मिळवले की ३.९५ जीईव्ही होतात. खरं वस्तुमान ३.१०. मधली तूट भरायला सुमारे उणे ०.८५ जीईव्हीचा एक स्थिरांक विभवात घालावा लागतो आणि तो जे/सायच्या वस्तुमानावरूनच ठरवतात. म्हणजे हे वस्तुमान आपण आत घातलं. बाहेर येतात ती दोन पातळ्यांमधली अंतरं, कणाचा आकार, फोटॉन सोडून खाली उतरण्याचे दर. विभव मॉडेलने "जे/सायचं वस्तुमान अचूक सांगितलं" असं कुठे वाचलंत तर प्राचलांची यादी आधी बघा.

पातळ्यांमधल्या अंतरातून काय कळतं?

इथे निसर्गाने एक सुंदर सूचना देऊन ठेवली आहे. चार्मोनियममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या एस पातळीतलं अंतर ५८९ एमईव्ही. बॉटमोनियममध्ये तेच अंतर ५६३ एमईव्ही. क्वार्कचं वस्तुमान तिपटीहून जास्त वाढलं, तरी अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं.

शुद्ध कूलंब विभव असता तर अंतर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढलं असतं. शुद्ध दोरी असती तर वस्तुमानाच्या घनमुळाच्या व्यस्तात कमी झालं असतं. अंतर वस्तुमानावर अवलंबूनच नसतं असा विभव म्हणजे लॉगॅरिदमचा, आणि क्विग व रोझनर यांनी १९७७ मध्ये नेमका तोच सुचवला. आज कोणी लॉगॅरिदम हा मूलभूत नियम मानत नाही. पण ०.१ ते १ फेम्टोमीटरच्या पट्ट्यात कूलंब आणि दोरी यांची बेरीज बरीचशी लॉगॅरिदमसारखी दिसते, आणि दोन्ही घराण्यांची मुक्कामाची जागा तोच पट्टा आहे. ज्या अंतरावर मोजमाप आहे तिथेच विभव ठरतो. त्यापलीकडे मॉडेल काय म्हणतं ते निव्वळ गृहीतक.

बी आणि डी मेसॉनचा एकमेकांशी काय संबंध?

हायड्रोजन आणि ड्यूटेरियम यांचं रसायनशास्त्र जवळजवळ सारखं असतं, कारण इलेक्ट्रॉनला केंद्राचा विद्युतभार जाणवतो, वजन फारसं जाणवत नाही. बी आणि डीमध्येही तेच. हलक्या ढगाला जड क्वार्कचा फक्त रंगभार, म्हणजे प्रबळ बलाचा भार, जाणवतो. तो चार्म आहे की बॉटम, त्याचा स्पिन कुठल्या दिशेला आहे, याचा ढगावर पहिल्या पायरीला परिणामच होत नाही. १९८९-९० च्या सुमारास नेथन इसगुर आणि मार्क वाइज यांनी ही सममिती नीट मांडली. आइख्टन व हिल आणि हॉवर्ड जॉर्जाय यांनी तिला प्रभावी सिद्धांताचं रूप दिलं. त्याला एचक्यूईटी (जड क्वार्कचा प्रभावी सिद्धांत) म्हणतात.

ही सममिती ताडून बघायला एक ओळीचं गणित पुरतं. जड क्वार्कचा स्पिन ढगाला जाणवतो तो त्याच्या चुंबकीय आघूर्णामुळे, आणि ते वस्तुमानाच्या व्यस्तात असतं. डी-स्टार (डीचेच क्वार्क, फक्त स्पिन वेगळे जुळलेले) आणि डी यांच्यातलं अंतर सुमारे १४१ एमईव्ही. त्याला चार्म आणि बॉटम यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराने गुणा, १.२७ भागिले ४.१८: उत्तर ४३. मोजलेलं बी-स्टार आणि बी यांचं अंतर ४५ एमईव्ही. एका गुणाकारात इतकं जवळ पोहोचता येतं!

हाच नियम दुसऱ्या रूपात: वस्तुमानांच्या वर्गांतला फरक सगळीकडे सारखा यायला हवा. डीसाठी तो ०.५५ जीईव्ही-वर्ग, बीसाठी ०.४८. गंमत म्हणजे के मेसॉन आणि रो-पायॉन या हलक्या जोड्यांतही तो ०.५५ ते ०.५८ येतो, जिथे हा युक्तिवाद लागूच पडत नाही. जुळणारा आकडा म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इसगुर-वाइज फलन कशासाठी लागतं?

बी मेसॉन फुटून डी किंवा डी-स्टार, एक लेप्टॉन (इलेक्ट्रॉनच्या घराण्यातला कण) आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात तेव्हा बॉटमचा चार्म होतो. ढगाच्या दृष्टीने मधला क्वार्क अचानक बदलला. नवा चार्म त्याच वेगाने पुढे गेला तर ढगाला काही कळतच नाही. फलनाचं मूल्य त्या बिंदूला बरोबर एक. कोणतंही मॉडेल न वापरता मिळालेला हा "एक" फार मोलाचा आहे. शिवाय डी-स्टारच्या बाबतीत वस्तुमानाच्या व्यस्तातली पहिली दुरुस्ती या बिंदूला शून्य होते, हे मायकेल ल्यूक यांनी दाखवलं. उरलेल्या दुरुस्त्या धरून लॅटिसचं, म्हणजे जाळीवर संगणकाने केलेलं, गणित त्या एकाचे सुमारे ०.९ करतं. प्रयोगाने मोजलेल्या दराचं वर्गमूळ भागिले हे मूल्य, यातून व्ही-सीबी हा मूलभूत प्राचल मिळतो, म्हणजे बॉटमचा चार्म होण्याचा जोर.

ऱ्हास-स्थिरांक म्हणजे काय, आणि तिथेही सममिती चालते का?

मेसॉनमधले क्वार्क आणि अँटिक्वार्क एकाच बिंदूवर येऊन एकमेकांना नष्ट करण्याची तयारी किती, याचं माप म्हणजे ऱ्हास-स्थिरांक. केंद्रबिंदूवरच्या तरंगफलनाशी त्याचा थेट संबंध आहे. आजची लॅटिसची मूल्यं: डीसाठी २१२ एमईव्ही, डी-एससाठी २५०, बीसाठी १९०, बी-एससाठी २३०. तुलनेसाठी पायॉनचा १३०.

आता सममिती लावून बघू. क्वार्क अतिजड असेल तर ऱ्हास-स्थिरांक मेसॉनच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात असायला हवा. डीच्या २१२ वरून बीसाठी येतात १२६. खरा आकडा १९०. दीडपटीची चूक! स्पिनच्या फरकात दोन एमईव्हीपर्यंत पोहोचवणारी सममिती इथे सपशेल तोकडी पडली. चार्म पुरेसा जड नाही, त्यामुळे वस्तुमानाच्या व्यस्तातली दुरुस्ती मोठी येते. एका राशीसाठी चांगली ठरलेली पद्धत दुसऱ्या राशीसाठी डोळे मिटून वापरू नये, हे मी याच उदाहरणावरून शिकवतो.

प्रत्येक पेपरात क्वार्कचं वस्तुमान वेगळं का असतं?

वर मीच चार्मसाठी एकदा १.८४ आणि एकदा १.२७ घेतलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. क्वार्क सुटा सापडत नाही, म्हणून त्याला तराजूत घालता येत नाही. वस्तुमान हा सिद्धांतातला प्राचल आहे आणि तो कोणत्या व्याख्येने घेतला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. १.२७ आणि ४.१८ ही एमएस-बार या प्रमाणित पद्धतीतली वस्तुमानं, त्या वस्तुमानाएवढ्याच ऊर्जेला घेतलेली. १.८४ हा विभव मॉडेलचा प्राचल. भोवतालच्या ढगाचा आणि मॉडेलच्या उणिवांचा काही भाग त्यात मुरलेला आहे. तिसरं म्हणजे पोल वस्तुमान, सुट्या कणाचं असावं तसं. ते ऐकायला सर्वात नैसर्गिक, पण त्याची मालिका पुढच्या पदांना फुगत जाते आणि शेकडो एमईव्हीच्या खाली त्याची अचूकता नेताच येत नाही. दोन पेपरांची तुलना करताना व्याख्या आधी जुळवा.

लॅटिस क्यूसीडीमध्ये नक्की काय करतात?

अवकाश आणि काळ यांची जाळी करतात आणि क्यूसीडीची, म्हणजे प्रबळ बलाच्या सिद्धांताची, समीकरणं कोणत्याही मॉडेलशिवाय संगणकावर सोडवतात. कल्पना केनेथ विल्सन यांची, १९७४ ची. आजच्या मोठ्या जाळ्यांपैकी एक घेऊ: प्रत्येक दिशेला ९६ बिंदू, काळाच्या दिशेला १९२, दोन बिंदूंमध्ये सुमारे ०.०६ फेम्टोमीटर. डबा सुमारे ५.८ फेम्टोमीटर रुंद; पायॉनचा पसारा त्यात मावावा म्हणून एवढा मोठा. एकूण बिंदू जवळपास १७ कोटी. प्रत्येक बिंदूपासून चार दुवे आणि प्रत्येक दुव्यावर तीन बाय तीनचं संमिश्र संख्यांचं मॅट्रिक्स. दुहेरी अचूकतेत ग्लुऑन क्षेत्राचं असं एकच चित्र साठवायला सुमारे ९८ गिगाबाइट लागतात. अशी शेकडो चित्रं काढून सरासरी घ्यावी लागते.

बाहेरून घालायचे ते फक्त क्वार्कची वस्तुमानं आणि जोर ठरवणारा एक आकडा. बाकी सगळं आतून येतं. म्हणूनच मला लॅटिसचा आकडा इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

अडचण बॉटमची. ०.०६ फेम्टोमीटरच्या जाळीला दिसणारी ऊर्जा साधारण ३.३ जीईव्ही आणि बॉटम ४.२ जीईव्हीचा. जाळीची वीण क्वार्कच्या तरंगलांबीपेक्षा जाड पडते. यावर तीन वाटा आहेत. बॉटमसाठी संथ क्वार्कचा वेगळा सिद्धांत, एनआरक्यूसीडी, वापरायचा. किंवा जाळीमुळे येणारी चूक क्वार्कच्या वस्तुमानासकट आटोक्यात राहील अशी समीकरणं रचायची. किंवा चार्मपासून सुरू करून वस्तुमान टप्प्याटप्प्याने वाढवत बॉटमपर्यंत जायचं. तिसरी वाट आता जाळ्या बारीक झाल्यामुळे शक्य झाली आहे आणि सर्वात अचूक ऱ्हास-स्थिरांक तिथूनच येतात.

गणिताने आधी सांगितलं आणि प्रयोगाने नंतर पाहिलं, असं कधी झालं का?

बी-सीच्या वस्तुमानाचं झालं. हा मेसॉन फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने १९९८ मध्ये पाहिला होता, पण वस्तुमानातली अनिश्चितता शेकडो एमईव्हीची होती. लॅटिस गटांनी ६३०४ एमईव्ही असा अंदाज दिला, वीसेक एमईव्हीच्या अनिश्चिततेसह. तो २००५ मध्ये छापून आला. त्यानंतर सीडीएफचं अचूक मोजमाप आलं ते ६२८६ च्या आसपास, आणि आज ते ६२७४ ला स्थिरावलं आहे. लॅटिसचा आकडा थोडा वर राहिला, पण तो प्रयोगाच्या आधी, लेखी, अनिश्चिततेसकट दिलेला होता. उत्तर माहीत नसताना दिलेला आकडा मी वेगळ्या आदराने वाचतो.

बेरीज-नियमांची पद्धत अजून वापरात आहे का?

आहे. शिफमन, वाइनश्टाइन आणि झाखारोव्ह यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत निर्वाताचे काही गुणधर्म बाहेरून घेऊन मेसॉनची वस्तुमानं आणि ऱ्हास-स्थिरांक देते. संगणक फारसा लागत नाही. पण उत्तर कुठल्या खिडकीत वाचायचं हे करणाऱ्याच्या निवडीवर ठरतं, त्यामुळे अनिश्चितता ठरावीक मर्यादेखाली जात नाही. नवीन कणांसाठी पहिला अंदाज घ्यायला ती उपयोगी. एक टक्क्याची अचूकता हवी तर लॅटिसकडे जा.

डी-प्लस हा डी-शून्यापेक्षा अडीचपट का जगतो?

डी-शून्याचं आयुष्य ०.४१ पिकोसेकंद, डी-प्लसचं १.०३. दोघांतही तोच चार्म फुटतो, मग फरक का? डी-प्लसमध्ये चार्मचा जोडीदार अँटिडाऊन असतो. चार्म फुटताना निघणाऱ्या कणांतही एक अँटिडाऊन असतो. दोन अगदी सारखे फर्मिऑन एका जागी आले की पाउलीचा नियम आडवा येतो, फुटण्याची वाट अरुंद होते आणि आयुष्य वाढतं. हा परिणाम जड वस्तुमानाच्या घनाच्या व्यस्तात लहान होत जातो, म्हणून बीमध्ये तो जवळजवळ मावळतो: बी-प्लस १.६४, बी-शून्य १.५२ पिकोसेकंद, फरक फक्त आठ टक्के. चार्मची आयुष्यं आपण अजून ढोबळच काढू शकतो, बॉटमची चांगली, असं का म्हणतात ते या दोन गुणोत्तरांत दिसतं.

विभव मॉडेल कुठे उघडं पडलं?

२००३ या वर्षी दोनदा. बाबर प्रयोगाला २३१७ एमईव्हीचा डी-एस मेसॉन सापडला. गॉडफ्री आणि इसगुर यांच्या १९८५ च्या मॉडेलने त्या जागी २४८० सांगितलं होतं, आणि बाकीच्या पातळ्यांत ते मॉडेल अत्यंत विश्वासू होतं. १६० एमईव्हीची चूक प्राचल हलवून झाकता येत नाही. कारण जवळच होतं: डी आणि के मेसॉन सुटे होण्याची सीमा २३६० च्या आसपास आहे. क्वार्क-अँटिक्वार्कची पातळी त्या सीमेजवळ गेली की ती डी-के जोडीत मिसळते आणि खाली ढकलली जाते. मॉडेलमध्ये ती जोडी धरलेलीच नव्हती. लॅटिसवरही ती जोडी स्पष्टपणे धरली तेव्हाच आकडा खाली आला.

त्याच वर्षी बेल प्रयोगाला एक्स ३८७२ दिसला. त्याचं वस्तुमान आणि डी-शून्य अधिक डी-स्टार-शून्य यांची बेरीज यांत एका दशांश एमईव्हीएवढाही फरक दिसत नाही. इतका सैल बांधलेला कण असेल तर त्याचा पसारा दहा फेम्टोमीटरपर्यंत जाऊ शकतो. वर काढलेल्या जे/सायच्या ०.३५ शी ताडून बघा. २०२१ मध्ये एलएचसीबीने दोन चार्म असलेला टीसीसी जाहीर केला, तोही अशाच सीमेच्या किंचित खाली. सीमेजवळच्या कणासाठी दोन क्वार्कांचं श्रोडिंगर समीकरण पुरत नाही, दोन मेसॉनचं विकीर्णनही सोबत सोडवावं लागतं.

घरच्या संगणकावर काय करून बघता येईल?

कॉर्नेल विभवाचं अरीय समीकरण न्यूमेरोव्ह पद्धतीने सोडवा. ऊर्जा हळूहळू बदला, तरंगफलन शून्याला किती वेळा छेदतं ते मोजा. शून्य छेद म्हणजे पहिली पातळी, एक छेद म्हणजे दुसरी. पहिल्या पातळीची ऊर्जा माझ्या ०.२७३ पेक्षा थोडी कमीच यायला हवी, कारण गृहीत तरंगफलनाने काढलेली ऊर्जा खऱ्याच्या खाली जाऊच शकत नाही. जास्त आली तर प्रोग्राममध्ये चूक आहे. अंतराची पायरी अर्धी करून उत्तर हलतं का तेही बघा. मग जे/साय आणि अप्सिलॉन दोन्हींची पातळ्यांमधली अंतरं काढा आणि ५८९ व ५६३ शी ताडा. एक रविवार पुरतो.

आज सर्वात मोठा न सुटलेला प्रश्न कोणता?

माझ्या मते व्ही-सीबी. बी मेसॉनच्या सगळ्या अर्ध-लेप्टॉनी ऱ्हासांची बेरीज घेऊन तो काढला तर साधारण ०.०४२ येतो. डी-स्टारसारखा एकच ठरावीक शेवट निवडून, लॅटिसच्या मदतीने काढला तर ०.०३९ ते ०.०४०. दोन्ही वाटांवर अनुभवी माणसं वर्षानुवर्षं काम करत आहेत आणि दोघांच्या अनिश्चितता या फरकापेक्षा लहान आहेत. जुळत नाही ते गणित, प्रयोग की आणखी काही, याचा निकाल लागलेला नाही. टाऊ लेप्टॉनच्या ऱ्हासांतली बहुचर्चित तफावत, जिथे मोजलेलं गुणोत्तर अपेक्षेपेक्षा सुमारे तीन सिग्मा (अनिश्चिततेच्या तिप्पट) वर आहे, तीही याच बी ते डी आणि डी-स्टारच्या फलनांवर उभी आहे.

सहा-सात टक्क्यांच्या फरकाने काय बिघडतं असं विचारलं जातं. बी-एस मेसॉन दोन म्युऑनमध्ये फुटण्याचा अपेक्षित दर व्ही-सीबीच्या वर्गावर अवलंबून आहे, म्हणजे तिथे चौदा टक्क्यांची तफावत. के मेसॉनमधल्या सममिती-भंगाचं माप तर जवळपास त्याच्या चौथ्या घातावर; तिथे तोच फरक तीस टक्क्यांपर्यंत जातो, आणि तिथलं मोजमाप मात्र एक टक्क्याच्या आत अचूक आहे.